लोहार चाळीतली अकरा दुकानं आणि एक कोटीचा डेक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं डोंबिवलीचे. मुंबईच्या लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिक मालाच्या घाऊक दुकानदारांसाठी ऑर्डर आणि उधारी सांभाळणारं ॲप चालवता. अकरा दुकानं महिन्याला प्रत्येकी १,५०० रुपये देतात. घरची शिल्लक अजून पाच महिने पुरेल. ८ कोटींच्या मूल्यांकनाला १ कोटी उभं करायचा डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड, तयार आहे. तर नेटवर्किंगसाठी कुठे जावं, गुंतवणूकदार कसे गाठावेत, आणि पैसे मागायच्या आधी सगळं तंत्रज्ञान एआय घालून नव्याने बांधावं का?

तिन्हीकडे येते. पण प्रश्नाच्या मधेच तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात: "पहिलं व्हर्जन एका फ्रीलान्सरने करून दिलंय, तो हल्ली बिझी असतो." मला तिथेच ठेच लागली.

आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं ठरतं. फ्रीलान्सर तुमचा पगारी माणूस नाही. त्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच, तुम्ही त्याचं बिल पै न् पै चुकवलेलं असलं तरी. हक्क तुमच्याकडे यायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. आणि त्या कागदावर मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारत. वर्षभरात तुम्ही तो हक्क वापरला नाहीत तर तो परत जाण्याचीही तरतूद आहे, ती लागू नाही असंही लिहून घ्यावं लागतं. म्हणजे "सगळं काम कंपनीचं" एवढी एक ओळ व्हॉट्सॲपवर असून भागत नाही. हस्तांतरण कंपनीच्या नावे, कायमचं, जगभरासाठी, सोर्स कोडसकट. वकिलाला हे दोन पानांचं काम आहे.

हे आजच करा असं म्हणते, कारण आज तो मुलगा तुमचा मित्र आहे. तुम्हाला एक कोटी मिळाल्याची बातमी त्याच्या कानावर गेली की त्याच सहीची किंमत वेगळी होते. त्याच बैठकीत डोमेन कोणाच्या नावावर, प्ले स्टोअरचं खातं कोणाच्या ईमेलवर, क्लाउडचा मुख्य पासवर्ड आणि त्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर, हेही पाहून घ्या. दहांतल्या पाच-सहा नव्या कंपन्यांत मला यातलं काहीतरी तिसऱ्याच माणसाच्या नावावर सापडतं. मी एक कंपनी बंद केली, एक विकली, आणि आता दुसऱ्यांच्या कंपन्यांत लहान चेक लिहिते. माझा वकील सुरुवातीलाच हा कागद मागतो. नसला तर सौदा मोडत नाही, रेंगाळतो. आणि रेंगाळलेला सौदा दुधासारखा नासतो.

आता ओळखीपाळखी. बीकेसीतले हॉल, पवईतली हॉटेलं, लोअर परळला गिरण्यांच्या आवारातल्या को-वर्किंग जागा, महिन्याला पाच-दहा कार्यक्रम सहज सापडतील. मी वर्षानुवर्षं गेले आहे. गळ्यात पट्टा, हातात कागदी बशी, आणि समोर आपल्यासारखाच पैसे शोधत आलेला माणूस. बाकी सल्लागार, सॉफ्टवेअर विकणारे, आणि एखाद-दुसरा फंडातला ॲनालिस्ट. ॲनालिस्टला 'नाही' म्हणायचा अधिकार असतो, 'हो' म्हणायचा नसतो. त्याच्याशी अदबीने बोला, पण त्याच्या "टचमध्ये राहू"वर पुढचे तीन महिने काढू नका.

तुमचं खरं नेटवर्क लोहार चाळीतच आहे आणि तुम्ही ते वापरलेलं नाही. अकरा दुकानांना दोन गोष्टी विचारा: तुमचे सीए कोण, आणि कंपनीचा माल घेऊन येणारा सेल्समन कोण. घाऊक बाजारातला सीए पन्नास-साठ पेढ्यांचं काम एका छोट्या ऑफिसातून बघत असतो. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, भरायचं असतं, आणि ८-९ तारखेला त्याची माणसं प्रत्येक पेढीला "बिलं पाठवा, बिलं पाठवा" म्हणून फोन करत बसलेली असतात. तुमच्या ॲपमधून अकरा पेढ्यांच्या विक्रीची नीट लावलेली फाइल त्याला ५ तारखेलाच मिळाली, तर तो तुमचं नाव उरलेल्या पेढ्यांत स्वतःहून घेईल. त्याला कमिशन देऊ करू नका. सीएंना व्यवसायाचे नियम असतात, आणि कमिशनने तुमची शिफारस जाहिरात होऊन बसते. त्याचे चार दिवस वाचवा, बस्स.

सेल्समनचं तसंच. तो रोज पंचवीस दुकानं चढतो-उतरतो. कोणाची उधारी थकली, कोणाचा मुलगा धंद्यात आला, कोण गाळा वाढवतोय, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मुलगा धंद्यात आलेली पेढी तुमच्यासाठी सोनं. बाप बदलायला तयार नसतो, मुलाला काहीतरी करून दाखवायचं असतं.

वेळेचंही बघा. सकाळी माल उतरत असतो, तेव्हा जाऊन उभे राहिलात तर हमालांच्या वाटेत याल. दुपारी जेवण झाल्यावर, तीन-साडेतीनला, शेठ जरा सैल असतो. लॅपटॉप लगेच उघडू नका, चहा येऊ द्या. दिवाळीआधीचा महिना त्या बाजारात रोषणाईच्या मालाने इतका तुंबलेला असतो की नव्या सॉफ्टवेअरचं नाव काढलंत तर हाकलून देतील. चोपडापूजन अजूनही दिवाळीला होतं, हिशेबाचं वर्ष मात्र एप्रिलपासून. नवी पद्धत सुरू करायला लोक तेव्हाच राजी होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळख, १ एप्रिलला सुरुवात, असं वेळापत्रक आखा.

कार्यक्रमांना अजिबात जाऊ नका असं नाही. महिन्यातून एक पुरे. सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या बैठकीत धंद्याचे संदर्भ थेट मिळतात. तिथे कारखानदार, ठेकेदार, पुरवठादार असतात, आणि तुमची गिऱ्हाइकं त्यांचे पुरवठादार निघू शकतात. टाय मुंबई या उद्योजकांच्या संघटनेत ज्येष्ठ उद्योजक भेटतात, तिथे पैसे न मागता एक नेमका प्रश्न घेऊन जा. पवईला आयआयटी मुंबईचं साइन हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र, २००४पासून आहे, पण तुमच्या धंद्यात संशोधनाचा भाग कमी आहे, तेव्हा तिथे ताकद खर्च करू नका. राज्य सरकारच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली तर सरकारी खात्याकडून चाचणीसाठी कार्यादेश मिळतो. नागरी सेवांवर काम करणाऱ्यांना तो रस्ता चांगला आहे, उधारीच्या ॲपला फारसा नाही.

कोणाकडून गुंतवणूकदाराशी ओळख करून घ्यायची असेल तर त्या माणसाला कष्ट पडू देऊ नका. तो जसाच्या तसा पुढे पाठवू शकेल असा पाच ओळींचा मजकूर द्या: काय करता, कोण पैसे देतं, किती देतं, किती टिकतं, नेमकं काय हवं. "लोहार चाळीतल्या ११ पेढ्या दरमहा १,५०० देतात, आठ महिन्यांत एकानेही सोडलं नाही" हे वाक्य खरं असेल तर डेकच्या पंधरा स्लाइडपेक्षा जड आहे. डेक नंतर, मागितल्यावर.

लोक इथे सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या नायका कंपनीचं उदाहरण देतात. फाल्गुनी नायर यांनी २०१२मध्ये मुंबईत कंपनी सुरू केली ती कोटकमध्ये गुंतवणूक बँकिंगमध्ये अनेक वर्षं काढल्यावर. त्यांचं नेटवर्क कामातून आधीच तयार झालेलं होतं. तुम्ही विशी-पंचविशीत ते कार्यक्रमांना जाऊन तयार करू बघता, म्हणून ते चालत नाही.

गुंतवणूकदारांबद्दल थोडं कडू बोलते.

तुमच्या डेकवर तीन व्हेंचर फंडांची, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे नव्या कंपन्यांत लावणाऱ्या फंडांची, नावं आहेत. फंडाचं गणित समजून घ्या. समजा, ३०० कोटींचा फंड आहे आणि शेवटी तुमच्या कंपनीत त्याचा १२ टक्के हिस्सा उरतो. तुमच्या एकट्याच्या विक्रीतून त्याला आपला पूर्ण फंड परत मिळायचा तर कंपनी २,५०० कोटींना विकली गेली पाहिजे. त्याला प्रत्येक कंपनीत निदान ती शक्यता दिसावी लागते, कारण बऱ्याच कंपन्यांतून त्याला काहीच मिळणार नसतं. आता तुमच्याकडे बघा. एक दुकान वर्षाला १८,००० देतं. १०० कोटींच्या उत्पन्नाला साधारण ५५,५०० दुकानं लागतील. इलेक्ट्रिकपुरतं राहिलात तर मला ती दिसत नाहीत. हार्डवेअर, सॅनिटरी, औषधं, कापड असं पसरलात, किंवा उधारीवर कर्ज देणाऱ्या संस्थेशी जोडून घेतलंत, तर कदाचित. तोवर फंडाचा 'नाही' हा तुमच्या धंद्याचा अपमान नाही, त्यांच्या हिशेबात तुम्ही बसत नाही एवढंच. वर्षाला दोन-तीन कोटी उत्पन्नाचा, नफ्यातला, दोघांच्या मालकीचा धंदा हीदेखील मुंबईत सन्मानाची गोष्ट आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

तुम्हाला आत्ता लागतो तो एंजल, म्हणजे स्वतःच्या खिशातले पैसे लावणारा, आणि तोही या बाजाराची नस ओळखणारा. मुंबईत तसे आहेत: धंद्यातून मोकळे झालेले व्यापारी, निवृत्त बँकवाले, मोठ्या सीए फर्ममधले भागीदार. इथला पैसा मुळात बँका, शेअर बाजार आणि पेढ्यांतून आलेला आहे. हा माणूस तुम्हाला तंत्रज्ञानाचं कमी विचारेल आणि "वसुली किती दिवसांत होते?" हे दुसऱ्याच मिनिटाला विचारेल. त्याचं उत्तर तुमच्या तोंडावर हवं: ॲप घेण्याआधी पेढीची उधारी सरासरी किती दिवस अडकायची, आता किती. हा आकडा तुमच्या डेकमध्ये कुठेच नाही! गंमत म्हणजे तो काढायची सगळी माहिती तुमच्याच डेटाबेसमध्ये पडून आहे.

८ कोटींवर १ कोटी म्हणजे किती हिस्सा, हे आधी दोघांनी एकमेकांना सांगून बघा. ८ कोटी हे पैसे येण्याआधीचं मूल्य असेल तर नंतरचं ९ कोटी, आणि हिस्सा ११.१ टक्के. ८ कोटी हे पैसे आल्यानंतरचं असेल तर १२.५ टक्के. त्यात गुंतवणूकदार म्हणाला की कर्मचाऱ्यांसाठी १० टक्क्यांचा ईसॉप पूल (राखीव शेअर) आमच्या पैशाच्या आधी काढा, तर ते ९० लाखांचे शेअर तुमच्याच वाट्यातून गेले आणि तुमचं खरं मूल्यांकन ७ कोटी १० लाखांवर आलं. मूल्यांकनाचा आकडा तोच राहतो, कात्री कलमांत चालते. कंपनी विकली जाताना आधी पैसे कोणाला, त्या कलमाचंही तसंच. समजा तीन कोटींना विकावी लागली. साध्या अटीत गुंतवणूकदार आपला एक कोटी घेऊन बाजूला होतो, दोन कोटी तुमचे. 'पार्टिसिपेटिंग' असा शब्द आत असेल तर तो एक कोटी घेतो आणि उरलेल्या दोन कोटींतही ११.१ टक्के, म्हणजे आणखी बावीस लाख. या एका शब्दासाठी वकिलाची फी द्या.

पैसे घेण्याच्या पद्धतीत मी स्वतः फटका खाल्लाय. २०१६ची गोष्ट, माझी दुसरी कंपनी. ओळखीच्या एका गृहस्थांनी तोंडी बोलण्यावर ३० लाख थेट चालू खात्यात टाकले. आम्हाला कोण आनंद! त्यातूनच पगार काढले. शेअर देण्याचे कागद करायला चार महिने गेले, सगळेच "करू की" म्हणत होतो. पण २०१३च्या कंपनी कायद्यात खासगी वाटपाचे, म्हणजे निवडक लोकांना शेअर देऊन घेतलेले, पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, आणि ६० दिवसांत शेअर वाटावे लागतात. नाही वाटले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, तेही नाही केले तर १२ टक्के व्याज आणि ती रक्कम ठेव मानली जाते. पैसे उभारायच्या पुढच्या राउंडच्या तपासणीत दुसऱ्या बाजूच्या वकिलाने हे काढलं. निस्तरायला तीन महिने गेले आणि तोवर त्या गुंतवणूकदाराचा उत्साह आटला. चूक आमचीच. आता तर वाटपाचं विवरण भरेपर्यंत त्या पैशाला हातही लावता येत नाही. तेव्हा काका, मावसभाऊ, जुना बॉस, कोणीही "जीपे करतो" म्हणाला तरी आधी सीएला फोन.

लहान रकमांचा घोळ वेगळा. कन्व्हर्टिबल नोट (आज कर्ज, पुढे शेअर) सोपी म्हणून सगळे सुचवतात, पण ती फक्त मान्यताप्राप्त स्टार्टअपला काढता येते आणि प्रत्येकाकडून एकरकमी किमान २५ लाख लागतात. पाच-पाच लाखांचे चार जण असतील तर ती चालत नाही. तिथे सक्तीने शेअरमध्ये रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर वापरतात. मुंबईच्याच हंड्रेडएक्स डॉट व्हीसीने २०१९मध्ये आणलेला आयसेफ त्याच जातीचा. स्टार्टअपची मान्यता घेऊन ठेवा, ती फुकट आहे. एंजल टॅक्सची, म्हणजे शेअर चढ्या भावाने देऊन आलेल्या पैशावरच्या कराची, भीती डोक्यातून काढा: २०१२पासून छळणारी ती तरतूद २०२४च्या अर्थसंकल्पात रद्द झाली. मूल्यांकनाचा अहवाल मात्र अजूनही लागतो, कंपनी कायद्यासाठी.

उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणीही करा. पुढे तुम्ही मोठ्या कंपन्यांना सेवा विकलीत तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि न दिल्यास त्या वर्षी त्यांना तो खर्च करासाठी दाखवता येत नाही. अकाउंट्स विभागाला कायद्यापेक्षा हे दुसरं लवकर कळतं.

तंत्रज्ञानावर फार वेळ घालवत नाही, कारण तुमचं उत्तर सोपं आहे: नव्याने बांधू नका. अकरा दुकानांना मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे ॲपचे सुटे सुटे तुकडे करून चालवणं, लागत नाहीत. एक सर्व्हर, एक डेटाबेस, रोजचा बॅकअप, आणि तो बॅकअप परत उतरवून बघायची महिन्यातून एकदा सवय. बॅकअप घेणारे पुष्कळ भेटतात, उतरवून बघणारे क्वचित.

तुमचा वेळ जायला हवा तो टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. प्रत्येक पेढीचं सत्य टॅलीत असतं आणि टॅली मुनीमजींच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. ती एक्सएमएल या माहितीच्या ठरावीक साच्यातून बाहेरच्या प्रोग्रामशी बोलते, सहसा ९००० पोर्टवर. पण मुनीमजी आठ वाजता मुख्य बटण बंद करून घरी जातात. म्हणजे तुमची देवाणघेवाण दिवसा, तुटक इंटरनेटवर, अर्धवट राहिली तरी दुप्पट नोंद न करणारी हवी. ही कंटाळवाणी गोष्ट ज्याला नीट जमली त्याला दुकानदार सोडत नाही. तुमच्यावर कोणी पैसे लावले तर यासाठी लावेल.

एआयची एकच जागा मला दिसते. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर "१ स्क्वेअर वायर ५ कॉइल लाल, मागच्या वेळचा स्विच २ डझन" असं मराठी-हिंदी-गुजराती मिसळून लिहितं, किंवा चिठ्ठीचा फोटो पाठवतं. त्यातून ऑर्डर तयार करून माणसाच्या मंजुरीसाठी समोर ठेवणं, एवढं मॉडेल छान करतं. मंजुरीशिवाय पुढे जाऊ देऊ नका. दीड स्क्वेअरऐवजी (ही वायरीची जाडी) अडीचची कॉइल गेली की भाडं तुमच्या माथी. आणि एका ऑर्डरमागे मॉडेलचा खर्च किती, तो दुकानागणिक महिन्याला किती, हे मांडा. १,५०० मधले ४०० तिथेच गेले तर विचार करावा लागेल. व्हॉट्सॲपचंही तसंच. जुलै २०२५पासून मेटा धंद्याच्या टेम्प्लेट संदेशांना संदेशागणिक आकार लावते, तेव्हा उधारीची रोजची आठवण फुकट नाही. एसएमएसवर जायचं तर डीएलटी या धंद्याच्या एसएमएसच्या नोंदवहीत नोंदणी आणि प्रत्येक मजकुराची मंजुरी आधी घ्या, नाहीतर संदेश पोचतच नाहीत आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता.

दुकानदारांच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि थकबाकी तुमच्याकडे आहे, हे विसरू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण त्याहून जवळची भीती अशी की एका पेढीचे भाव शेजारच्या पेढीला दिसले, तर त्या गल्लीत तुम्हाला परत पाऊल ठेवता येणार नाही. कोण काय बघू शकतं, एवढं एकदा दोघांनी बसून तपासा.

राहिले पाच महिने. त्यावर माझा हिशेब असा. अकरा दुकानांना वर्षाचे आगाऊ पैसे मागा, एक महिना सूट देऊन: १६,५०० रुपये. सगळ्यांनी दिले तर १,८१,५००. सहांनीच दिले तरी ९९,००० हातात, आणि हिस्सा कोणालाच द्यावा लागला नाही. जो नाही म्हणेल त्याच्याकडे चहा घेऊन कारण विचारा आणि बाहेर येऊन लगेच लिहून ठेवा. मग मला ती कारणं पाठवा, डेक नको.